पेल्याखालचा हात

नाही रब्बी, तिला मी घालवणार नाही. ते सोडून बोला. बिस्किटं घ्या. खजुराची आहेत, मीच केलीत, तिनं नाही, घाबरू नका! राफीनं पाठवलंय ना तुम्हाला? आईच्या घरी यायला माझ्या मुलाला महिना लागतो, पण तक्रार घेऊन तुमच्याकडे जायला — लगेच! तुमच्या टोपीचा मान म्हणून तुम्हाला 'तुम्ही' म्हणते हं, नाहीतर तुमची आजी आणि मी इराकहून एकाच विमानातून इथे आलो, निर्वासितांच्या छावणीत एकाच तंबूत राहिलो.

गोयचा, यहुदी नसलेल्याचा, हात लागला की वाईन चालत नाही — माहीत आहे हो मला! आधी ऐका तर. माझ्या नवऱ्याला, हेस्केलला, झटका आला तेव्हापासून एर्लिंदा त्याच्या सेवेला आमच्याकडे आहे. फिलिपिन्सची. त्याचं उजवं अंग गेलं आणि शब्द गेले. पाणी हवं असलं तर 'खिडकी' म्हणायचा. पहिल्या शुक्रवारी मी शब्बातचे दिवे लावले, वाईनचा पेला त्याच्या डाव्या हातात दिला. पेल्यावरची प्रार्थना, किद्दुश, म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि — काही नाही. पन्नास वर्षं आगगाडी सुटल्यासारखा म्हणणारा माणूस! पेला खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं त्यानं. पुढच्या शुक्रवारी तर टेबलाशी यायलाच तयार नाही. — हो, बाईनं म्हटलेलं चालतं, तेही माहीत आहे! पण मी कशी म्हणणार? त्याच्या त्या आगगाडीतलं मला फक्त आमेन कळायचं, आणि पुस्तक उघडून तरी काय, अक्षरं कुठे येतात मला...

हे राफीला सांगायचं नाही. साठ वर्षं सिनेगॉगमध्ये पुस्तक धरून बसले, शेजारणीनं पान उलटलं की मी उलटायचे. तुमच्या आजीला तेवढं ठाऊक होतं. छावणीत चार भावंडं माझ्या कडेवर, शाळेत कोण पाठवतंय? असो. निघून गेलं तोंडातून.

तर एर्लिंदानं काय केलं — फोनवर कुणाचं तरी किद्दुश लावायची. कांदा चिरताना, इस्त्री करताना, सारखं तेच. आणि तिच्या स्वतःच्या लिपीत वहीत उतरवायची. तिसऱ्या शुक्रवारी हेस्केलला टेबलाशी आणलं, शेजारी बसली, पेल्याखाली हात धरला — त्याचा थरथरायचा ना — आणि हळूच म्हणाली, "योम." तो म्हणाला, "योम." "हाशिशी." "हाशिशी." सहावा दिवस — एवढं म्हणायला त्याच्या कपाळावर घाम! पण म्हटलं, रब्बी. शेवटपर्यंत म्हटलं. सूप गार झालं, होऊ दे. दोन वर्षं, दर शुक्रवारी असंच. आता सांगा, किद्दुश म्हटलं कुणी? माणूस यहुदी, तोंड त्याचं, शब्द देवाचे. आणि खाली तिचा हात होता म्हणून ती वाईन विटाळली?

शेवटच्या शुक्रवारी मात्र त्याच्या तोंडून काहीच निघेना. मग सगळं तिनंच म्हटलं. हो, तिनं! आणि तो आमेन म्हणाला. स्पष्ट. मीपण म्हणाले. काय लिहून घ्यायचं ते घ्या. मंगळवारी तो गेला.

तिसाव्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. ती सगळ्यांना वाईन ओतत होती. राफीनं तिच्या हातातून बाटली ओढली आणि सिंकमध्ये उपडी केली, सगळ्यांच्या देखत. तिला वाटलं, वाईन खराब निघाली. "सॉरी राफी, मी आधी वास घेऊन बघायला हवं होतं." असं म्हणाली ती. आणि मी — मी गप्प बसले. तिथेच, या खुर्चीत. म्हणून आज बोलतेय.

काय? उकळलेली वाईन आणा? त्या वाईनला कुणाचाही हात चालतो? छान! म्हणजे मी तिला सांगू, तुझ्यासाठी वेगळी बाटली आणलीय? नाही आणणार. तुम्हीच ना त्या शनिवारी सांगत होतात — गोयनं नोआहच्या सात आज्ञा पाळल्या, चोरी नको, खून नको वगैरे, की परलोकात त्यालाही जागा आहे? वरच्या बायकांच्या सज्जातून ऐकलंय मी, कान शाबूत आहेत माझे! तिथं देवाच्या घरी तिला जागा, आणि माझ्या टेबलाशी नाही? — गळ्यातला क्रॉस? ते देव बघेल. हेस्केलची चादर दिवसातून तीनदा कोण बदलत होतं, तेही त्यानं बघितलंय.

आज शुक्रवार, आज किद्दुश मी म्हणणार आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, पहिल्यांदा. ती एकेक शब्द सांगेल, मी म्हणेन. पेला तीच धरेल. माझा हात थरथरत नाही, तरी धरेल! राफीला जाऊन सांगा, तुझी आई असं म्हणाली. तुम्ही थांबताय का? आमेन म्हणायला?

...बरं. घड्याळ कशाला बघताय, जा. जिन्यातला दिवा मध्येच विझतो, कठडा धरून उतरा. एर्लिंदा! दार लाव गं.