गिऱ्ह्याचा केस

हॅलो?… हॅलो?… कोण बोलतंय?… जरा मोठ्यानं, आयकू येत नाय!… विमल? अगं, तू?… मी तुझी येसूआत्या. हो, आत्याच. दुसरं कोण उचलणार? सगळी माळ्यावर चढून बसलीत… माळ्यावर गं, कौलाखाली! सव्वीस पोरं, हेडमास्तर, शिपाई, सगळी. आणि तू बारा दिवसांची बाळंतीण, खालापूरच्या पोस्टात उभी काय? कानाला फडकं बांधलंस का?… बांधलंस? बरं.

हो, हो… सांगते. अगं ऐक ना! ट्रंक कॉल तुटंल आणि अर्धं माझ्या पोटातच राहील.

तुझ्या जागी आलाय ना तो बदली मास्तर, कमळाकर… हो, भिवपुरीच्या पावर हौसच्या चाळीतला. त्यानं गिऱ्ह्याचा केस परत दिला.

हॅलो?… विमल?… हायस ना गं?… बस, बस कुठंतरी. पोस्टमास्तराकडं स्टूल माग.

तोच केस. तुझ्या कपाटातला, लाल फडक्यात गुंडाळून पावडरच्या डब्यात ठेवलेला… कुलूप होतं गं, पण किल्ली कुणी दिली त्याला? तूच ना? “माझे तास नीट घ्या” म्हणून? मग मला काय झापतेस!

नाय, माणूस वाईट नाय. तीच तर पंचाईत. मांत्रिकांची शाळा, आणि मास्तराला एक मंतर येईल तर शपथ! तू भुतंखेतं शिकवतेस, पण जिल्ह्याच्या हापिसानं “प्राण्यांचा विषय” एवढंच वाचलं आणि शास्त्राचा मास्तर धाडून दिला. मी म्हटलं, दोन दिवसांत पळंल. पहिल्याच संध्याकाळी शाळेतल्या चकव्यानं त्याची वाट चुकवली. निघाला कर्जत ठेसनाकडं, पोचला भिवपुरीला. सकाळी हसत हजर. “बरं झालं येसूबाई, आईच्या हातचं जेवून आलो.” चकवाच खट्टू झाला, दोन दिवस कपाटाखालनं निघंना मेला!

हो गं, येते, येते मुद्द्यावर. तू आधी श्वास घे.

आज बुधवार. गिऱ्ह्याचा तास. पोरं धडा वाचाय लागली मोठ्यानं… गिऱ्हा म्हंजे पाण्यातलं भूत, डोहात त्याला गाठावा, त्याचा केस कापावा, केस आपल्यापाशी हाय तोवर तो आपलं पाणी भरतो. मास्तरानं इचारलं, “आपला गिऱ्हा कुठाय?” पोरं म्हणली, मागल्या पडवीत, हंडे लावतोय. “मग त्याचा तास त्याच्याबिगर कसा घ्यायचा?” असं म्हणून हा स्वतः गेला आणि त्याला हाताला धरून वर्गात आणलं… वर्गात म्हणजे वर्गात! आत! खुर्ची दिली बसायला. स्वतःची.

हेडमास्तर आले धावत. “अहो, एकोणीस वर्षांत त्याला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाय!” तर मास्तर म्हणतो, “मलाबी चौथीपर्यंत नव्हतं घेतलं. पायरीवर बसून शिकलो मी.” … हां. मग हेडमास्तर म्हणले, “तुमी तर भूतखेत मानत नाय ना?” मास्तर म्हणला, “नाय मानत. आमच्या घरानं छप्पन सालीच सोडलं ते. पण हा समोर बसलाय, ओला हाय, ह्याला मानायलाच पायजे.”

आणि डबा उघडला. केस तळव्यावर ठेवला. “तुझा हाय ना? घे.”

तो घेईना गं. पोरांकडं बघितलं, मास्तराकडं बघितलं, मग हळूच उचलला. झालं! हेडमास्तरांनी बोंब ठोकली, “केस परत मिळाला की गिऱ्हा घर बुडवतो!” सगळी एकमेकांच्या अंगावरनं माळ्यावर. बुटं-चपला खालीच.

पाणी? हाय ना! वर्गात हाय, हापिसात हाय. घोट्याला होतं मघाशी… आता पोटरीला आलंय. फोन उचलून सैपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेय मी, वायर पुरंल तेवढी.

इथंच हाय तो. माझ्यापासनं चार पावलांवर, चुलीम्होरं. केस मुठीत धरलाय. मास्तर त्याच्या बाजूला उकिडवा बसलाय, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. “जा बाबा, डोह मोकळा हाय,” म्हणतोय कवापासनं. जात नाय. अंगातनं पाणी वाहतंय नुसतं, थांबत नाय… रागानं का रडतोय, मला काय ठावं? मला भीती वाटते गं, विमल. पोरं लहान हायेत.

काय हो हेडमास्तर?… आयकतेय, आयकतेय! तिथनं वरडू नका, कौलं पडतील डोक्यात!… अगं, तेबी तेच म्हणतायत, तू म्हणतेस तेच.

हळू बोल. तो ऐकतोय… दुसरा केस कापायचा?… हो… भाकरी वाढायची… दोन्ही हात गुंतले की मागनं… हो, कळलं… कात्री तुझ्या टेबलावर… नाय, टेबलावर नाय ती. माझ्या ओच्यात हाय. तू सांगायच्या आधीच घेतली मी. खोटं कशाला बोलू?

ऑपरेटरबाई, तोडू नका हो! अजून तीन मिनिटं द्या. हिकडं जीव टांगणीला लागलेत…

विमल, थांब. फोन खांद्याला धरते… हां. ये रं, खाऊन घे… ठेवली भाकरी. घेतली त्यानं. खातोय. मास्तराला काय कळलं नाय, तो बिचारा त्याला चटणी सरकवतोय.

आता पाणी मागतोय… बोलत नाय, ओंजळ केलीय फक्त… हो, दोन्ही हात गुंतलेत. हो, पाठ माझ्याकडंच हाय, मान तेवढी वळवलीय… माहिती हाय मला, हीच येळ. मला शिकवू नकोस!

अगं, तवाबी असंच होतं. तू परकरात होतीस, तुला काय आठवणार? डोहाच्या काठी बसला होता हा, भुकेला. दादा म्हणला, “येसू, वाढ त्याला.” वाढलं मी होतं, विमल. कापला तुझ्या बापानं. पण ह्यानं बघितलं माझ्याकडं… दादाकडं नाय, माझ्याकडं. एकोणीस वर्षं त्या नजरेकडं पाठ करून भाकऱ्या थापल्या मी. शाळेचा हंडा न् हंडा ह्यानं भरायचा, आणि ह्यालाच तहान लागली की मी वरनं वतायची, भांडं बाटंल म्हणून.

आताबी ओंजळच केलीय त्यानं. केस मिळाला तरी ओंजळच.

नाय… नाय, विमल. माझ्यानं होणार नाय… मला ठावं हाय पोरं वर हायेत! … टाकली. कात्री पाण्यात टाकली… वरड, किती वरडायचं ते वरड! बाळंतिणीनं एवढं वरडू नये, दूध आटतं.

हेडमास्तर, तुमीबी गप बसा हो! एवढं हाय तर खाली या आणि कापा स्वतः!

थांब जरा… घे रं. ओंजळ नको, हे भांडं घे. माझं हाय, पितळेचं. धर नीट…

धरलं… धरलं गं त्यानं. उलटंपालटं करून बघतोय. मास्तर त्याला दाखवतोय, असं तोंडाला लावायचं… लावलं. पितोय… हो, पितोय!

पाणी? कुठलं पाणी?… खालचं? नाय बघितलं. थांब, बघते… पोटरीलाच हाय. चढलं नाय. उतरलंबी नाय अजून.

अगं, थांब, थांब. भांडं म्होरं केलंय त्यानं… आणखी पायजे? आलं रं, आलं!… विमल, ठेवते मी. हंडा रिकामा हाय. नदीवर आता मलाच जायला पायजे.