किरायाची शेरवानी

तुम्ही हसाल, पण कॅज्युअल्टीत मी पहिल्यांदा कात्री चालवली ती एका नवरदेवाच्या शेरवानीवर.

तेव्हा मी मेडिकलला तिसऱ्या वर्षाला होते. पुढं हेच काम आपल्याला जमेल का, ते पाहायला मे महिन्याच्या सुट्टीत कॅज्युअल्टीच्या डॉक्टर बोरकर मॅडमांच्या मागं मागं हिंडत होते. एका दुपारी वरातीतली माणसं नवरदेवाला उचलूनच घेऊन आली. घोड्यावर बसल्याबसल्या त्याला लू लागली होती. अंग तापलेलं, शुद्ध नाही.

"शेरवानी काप," मॅडम मला म्हणाल्या.

नवरदेवाचा बाप मधे आला. "काहून कापून राहिल्या वं बाई? किरायाची आहे थे!"

माझा हात थांबला.

"काप! पोरगा जाईल हातचा!" मॅडम ओरडल्या.

मी गळ्यापासून खालपर्यंत कापत गेले. मग ओल्या चादरी टाकल्या, काखेत बर्फ ठेवला, पंखा लावला. बाप कोपऱ्यात रडत होता.

बऱ्याच वेळानं नवरदेवानं डोळे उघडले. मला इतका आनंद झाला, की मी वाकून विचारलं, "कसं वाटून राहिलं आता?"

तो माझ्याकडं एकटक बघत म्हणाला, "तुम्हीच काय नवरी?"

मॅडम शांतपणे नर्सकडं वळल्या. "सिस्टर, अजून बर्फ आणा. हा शुद्धीवर आलेला नाही."