वाळवणाखालची जागा

नाही भाऊ, बाकी सगळं मैदान खोदा, सकाळपासून मी एक शब्द तरी बोलले का? पण हा कोपरा तेवढा वाळू द्या. कुरडया आहेत — ओल्या आहेत अजून, हात लावून बघा हवं तर — नाही, नका लावू, मोडतील. आत्ता उचलल्या तर सगळा चीक साडीला चिकटून बसेल आणि गहू भिजवण्यापासूनच्या कष्टांची माती. उन्हं कलली की मीच उचलते, तुम्हाला सांगायला लागणार नाही. तोवर ह्या बाजेवर बसा, सावलीत. साहेब म्हणू की भाऊ? गळ्यात अडकवलंय त्याच्यावर अमित लिहिलंय, आमच्या कळवणच्या मामेभावाचं पण तेच नाव, म्हणून भाऊच म्हणते. पाणी घ्या, माठातलं आहे.

तुम्ही येणार ते पुंजाराम काकांनी सांगितलं होतं मला. ते नाही का, पिवळ्या पटक्यावाले, म्हातारे ड्रायव्हर, सकाळी तुमच्याशी बोलत होते ते. म्हणाले, पुण्याहून पोरं येणार, एकेका गाडीच्या जागेखाली एकेक डबी पुरणार, डबीवर लोखंड आलं की तिला कळणार गाडी लागली म्हणून, आणि तिकडे हायवेला नाक्याच्या अलीकडे मोठी पाटी लागणार लाल आकड्यांची — आत किती जागा रिकाम्या आहेत ते लांबूनच दिसणार. मोबाईलवरून मेसेज केला तरी उत्तर येणार. मी सातवी शिकलेली, पण हे एका दमात कळलं मला. कळणारच ना, इथंच राहतो आम्ही, ह्या पत्र्याच्या खोल्यांत, दार उघडलं की समोर गाड्यांची तोंडं. चांगलं आहे हे तुमचं. खरंच सांगते. बघाल ना तुम्ही, सहा वाजले की काय होतं ते — एक आत शिरतो, गोल फिरतो, जागा नाही, मागे घेतो, तोवर दुसरा शिरलेला, मग हॉर्न, मग आया-बहिणी. लासलगावचा कांदा निघाला की तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या, मागचा दिवा नाही, काही नाही, नुसता दगड लावून ठेवलेला चाकाला. माझ्या तृप्तीची शाळेची रिक्षा त्यांच्यातून येते. पहिलीत आहे. रिक्षा दिसेपर्यंत मी कडेला उभी असते, शेजारची मंगलाबाई हसते मला, म्हणते तू उभी राहिल्याने रिक्षा काय लवकर येते का.

काय? — हो, तेच सांगत होते, जागेचं. ही जागा आमची नाही, माहीत आहे मला, ट्रकवाल्यांच्या असोशिएशनची आहे. पण धरलेली आहे. तृप्तीच्या पप्पांसाठी. ते इंदूरच्या लाईनवर आहेत, इंदूर–मुंबई, मध्ये इथं नाशिकला घर लागतं, म्हणून मुद्दाम ही खोली घेतली आम्ही — उतरायचं, अंघोळ करायची, घरचं जेवायचं, पाय पसरून झोपायचं. पण गाडी लावायला जागा नको का? माल भरलेली गाडी सोडून झोपणार कसं? म्हणून मी धरते. आधी दगड ठेवत होते, तर ड्रायव्हर लोक उचलून तेच दगड चाकाला लावायचे. मग पाण्याचा ड्रम ठेवला, तर एकाने त्यातल्या पाण्याने अंघोळ केली आणि वर दार वाजवून साबण मागितला. हसू नका, खरं आहे, दिला मी साबण. मग एकदा अशाच कुरडया घातल्या होत्या इथं, ऊन चांगलं लागतं म्हणून, तेव्हा काही मनात नव्हतं. आणि एक गाडी आली भरलेली, बारा चाकी, आत घुसली आणि थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, बघितलं त्याने, डोक्याला हात लावला आणि गाडी मागं घेतली. मी म्हटलं दादा, उचलते मी. तर म्हणाला, राहू दे, अन्न हाय, अन्नावर चाक घालून कुठं जाऊ. तेव्हापासून मी हेच करते. कुरडया झाल्या की पापड, पापड झाले की सांडगे, मग मिरच्या. आता मंगलाबाई पण तिचं वाळवण इथंच आणून घालते, सगळ्या चाळीचं येतं. पावसाळ्यात काय धरू ते अजून ठरलं नाही.

थांबा हं, एक फोन लावते — आज येणार आहेत ते. चांदवड सोडलं असेल आता. — नाही उचलत. चालवत असतील. चालवताना उचलू नका असं मीच सांगितलंय. पण नाही उचलला की मग — परत लावते एकदा. — नाही.

तुम्ही म्हणाल एवढी काय जागेची काळजी. काळू माहीत नाही ना तुम्हाला. काळू म्हणजे ह्यांचा जोडीदार, एकाच मालकाच्या गाड्यांवर दोघं. मागच्या उन्हाळ्यात काळू आला होता इथं, मी ह्या नळावर भांडी घासत होते, डोळे लाल, खिडकीतून मला म्हणाला, वहिनी, झोपायला जागा बघतोय. दोन चकरा मारल्या त्याने. जागा नव्हती, कुठंच नव्हती, ह्या कोपऱ्यात पण कुणाची तरी होती. म्हणाला, जातो पुढं, चांदवडला टाकतो आडवी गाडी. आणि चांदवडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक उभी होती, मागं दिवा नसलेली, तिच्यात घातली त्याने. झोप लागली होती म्हणतात. ब्रेकची खूणच नव्हती रस्त्यावर. म्हणजे बघा, जागेपायी गेला, आणि ज्याच्यात घातली त्याला पण जागाच नव्हती म्हणून तो कडेला उभा. तुमची पाटी तेव्हा असती तर — जाऊ द्या. पण तेव्हापासून माझं असं झालंय. ते निघाले की माझं सुरू. आधी नाक्यावरच्या कॉईन बॉक्सवरून लावायचे, मग ह्यांनीच हा मोबाईल घेऊन दिला, म्हणाले उन्हात जात जाऊ नको. आता घरातूनच लावते. कुठंवर आलात, जेवलात का, झोप येतेय का, डोळे चोळताय का, खोटं नका सांगू, आवाज जड येतोय तुमचा — असं. कधी तृप्तीच्या हातात देते, तिला सांगते, विचार पप्पांना झोप येतेय का. पोरगी पण तेवढंच शिकलीय. फोन कानाला लावला की पप्पा कसे आहात नाही, काही नाही, झोप येतेय का.

आणि घरी आले की — घरी आले की तर बघायलाच नको. जेवतात, आडवे होतात, आणि मी शेजारी बसून राहते. श्वास बघते. मध्येच हलवते. एकदा काय झालं, सांगू? गाढ झोपले होते, आणि मला वाटलं नुसते डोळे मिटून पडलेत, झोप येत नाही, आणि अशीच गाडी घेऊन जातील. म्हणून हलवून विचारलं, अहो, झोप लागली का? उठून बसले. माझ्याकडे बघत राहिले. रागवत नाहीत ते कधी, गरीब स्वभाव आहे. उठले, तोंड धुतलं आणि गाडीकडे गेले.

काय म्हणालात? डबीला कुरडया दिसत नाहीत? म्हणजे वर वाळवण घातलेलं असलं तरी ती रिकामीच म्हणणार? — हां. लोखंडच लागतं. मग तर झालं. पाटीवर दिसणार की आत एक जागा आहे, आणि सगळे त्या एका जागेसाठी आत शिरणार, आणि बघणार तर माझ्या कुरडया. शिव्या मला. नाही, तुमची चूक नाही, डबीला काय माहीत कुणाची आहे ते. पण मग ह्यांच्यासाठी धरू कशी मी?

पाटी त्यांना पण दिसेल म्हणता? बरोबर आहे. हायवेवरूनच दिसेल, पिंपळगाव सोडून आले की पुढे नाक्याच्या अलीकडे, आकडा दिसला की वळवायची गाडी आत. मला फोन करायला नको, मी सांगायला नको. दिसेल. पण भाऊ, त्यांना माहीतच आहे ना. मी सांगते ना त्यांना — जागा धरलीय, या. आमचं ठरलेलंच आहे, ओझर आलं की मिस कॉल द्यायचा, मिस कॉल आला की मी वाळवण उचलायचं, गाडी येईपर्यंत जागा मोकळी. होळीच्या आधीपासून मिस कॉल नाही. नंतर फोन येतो, नाशिकला जागा नव्हती गं, पुढं आलो, घोटीला आहे. मी म्हणते अहो होती ना, मी बसलेय धरून. तर म्हणतात, कुणीतरी भांडेल, कशाला, पुढच्या खेपेला येतो.

एक सांगते, पण तुम्ही तिथं असोशिएशनमध्ये काही बोलू नका. मागच्या खेपेला असाच फोन आला, घोटीला आहे म्हणाले. आणि तेवढ्यात पुंजाराम काका आले गाडी घेऊन, उतरले, मी पाणी दिलं, तर म्हणाले, धनराज आज ओझरला कसा थांबला? मी म्हटलं नाही हो, घोटीला आहेत. म्हणाले, ओझरला ढाब्याच्या मागं, लिंबाखाली, तुझ्या तृप्तीचं नाव आहे ना मागच्या फाळक्यावर, तीच गाडी. मी म्हटलं तृप्ती नावाच्या काय कमी गाड्या आहेत. माझ्या मनात नको ते आलं, तुमच्या पण आलं असेल आत्ता. मी विचारलं, आणि कोण होतं सोबत? ते म्हणाले, कोण असणार, पोरी, एकटाच होता. केबिनीचा पडदा ओढून झोपला होता. मी हाक मारणार होतो, पण इतका गाढ झोपला होता, हाक मारवली नाही.

ओझर म्हणजे काय लांब आहे का. इथून सायकलवर जातात माणसं. इथं अंथरूण घातलेलं, पंखा आहे, पोरगी आहे, जागा आहे — ह्या मैदानात कुणाला मिळत नाही ती जागा आहे — आणि हे ढाब्याच्या मागं, त्या तापलेल्या केबिनीत —

हाक मारवली नाही म्हणाले. मी तर मारतेच. हाकच मारते मी, सारखी.

नाही, पाणी नको मला. बसा तुम्ही. तुम्ही पण मघापासून घड्याळच बघताय. मी बोलायला लागले की असंच होतं माणसांचं. आईकडे पण म्हणायचे, हिला काळजी लागली की कुणाला झोपू देत नाही.

उचलते मी कुरडया. असू दे ओल्या, पत्र्यावर टाकते, मोडल्या तर चुरा तळता येतो. तुम्ही खोदा. पुरा डबी. माझ्यासाठी धरून ठेवू नका, सगळ्यांसारखीच असू दे ही पण जागा, ज्याला पाहिजे तो लावेल. पलीकडचं टोक धरा जरा साडीचं — हां, असं, अलगद. बारा चाकीवाल्याने गाडी मागं घेतली होती तशी.

एक विचारू का, हसणार नसाल तर? तुमच्या त्या पाटीवर आकड्याच्या खाली आणखी काही लिहिता येतं का? अक्षरं? म्हणजे असं — जागा आहे, आणि कुणी काही विचारणार नाही.

नाही बसत. आकडाच बसतो. बरं.

मग हा माझा मोबाईल तेवढा तुमच्याजवळ ठेवा, डबी पुरेपर्यंत. माझ्याजवळ राहिला तर मी लावीन. वाजला तर — नाही, वाजला तरी नका सांगू मला. तृप्तीची रिक्षा आली की नेईन मी परत.

खोदा तुम्ही. मी आता बोलत नाही.