मैनेचं नाव

रूपा : पिशवी कशाला भरली? पॅरोल तर रविवारपर्यंत शे ना?

अमृत : उद्याच परत जातो म्हणतो. जेलातल्या मैनेचा मोडलेला पंख मी बांधलेला आहे. दुसऱ्या कैद्यांच्या हातून ती दाणा घेत नाही. जेलच्या साहेबांचा फोन आला होता.

रूपा : लोकं पॅरोल वाढवून मागतात. तुम्ही पाखरासाठी लवकर जेलात जाता. गेल्या महिन्यात मी तापानं पडली होती, तेव्हा कुणी फोन नही केला तुम्हले.

अमृत : मला कुठं माहीत होतं, हेमांगीची माय?

रूपा : तेच म्हणते मी. पाखराची नुसती विष्ठा पाहून तुम्हले त्याचं पोट कळतं. शिरपूरचे जंगलखात्याचे साहेब जखमी घुबडं घेऊन जेलात तुमच्याकडे येतात. पेपरात तुमचा फोटो आला तर बठ्ठीच्या बठ्ठी गल्ली माले दाखवायला आली. माझं दुखणं मात्र मीच सांगायचं.

अमृत : बांधावरच्या भांडणात माझ्या हातून माणूस मेला. त्यानंतर कित्येक वर्षं नीट झोप नव्हती. एक चिमणी वाचवली, त्या रात्री लागली. त्याचासुद्धा राग येतो तुला?

रूपा : येतो. तुम्हले चिमणी होती. माले कोन होतं? पोरीचं लग्न एकटीनं लावलं मी.

अमृत : उगाच जळतेस त्या मैनेवर. तिचं नाव काय ठेवलं, विचार तरी.

रूपा : काय ठेवलं?

अमृत : रूपा.

रूपा : माझं नाव दिलं तिले?

अमृत : वाटलं, ऐकून तुला बरं वाटेल.

रूपा : लग्न झालं तेव्हा मी 'अगं' होती. पोरगी झाली, मग हेमांगीची माय. आधी सासूसमोर माझं नाव घ्यायची तुम्हले लाज, म्हणून सोडून दिलं. सासू गेली तरी तेच. मुलाखतीले आली तरी जाळीतून तेच. अन् तिले कधी हाक मारता?

अमृत : सकाळी बराकीचं दार उघडलं की. दाणे टाकताना.

रूपा : येते ती?

अमृत : येते. पंख बांधलाय, तरी उड्या मारत येते.

रूपा : मी नसती आली का?

अमृत : (पिशवी खुंटीला अडकवत) रविवारीच जातो मी. साहेबांना तसं कळवतो.

रूपा : ते नंतर कळवा. आधी तिले मारता तशी हाक मारा.

अमृत : रूपा.

रूपा : ही तिची झाली. आता माझी मारा.