कमलबाई आणि पांढरे उंदीर
हिंगोलीला कॉलेजात शिकवत होतो तेव्हाचं सांगतो. पीएचडीसाठी मी पांढऱ्या उंदरांचा पिंजरा विजेच्या दोन पत्र्यांमध्ये ठेवायचो आणि त्या विद्युतक्षेत्राचा परिणाम तपासायचो. चार महिने झाले तरी उंदीर धडधाकट! शेवटी प्रयोगशाळेतल्या कमलबाईच बोलल्या, "सर, तुमी घरी गेले की मी बटन बंद करते."

"काहून?" मी ओरडलोच.

"लेकरं कोपऱ्यात अंग चोरून बसतेत. तुमी पत्र्यांमधी हात घालून पाहिला का कवा?"

रागारागानं घातला. दुखलं काहीच नाही, पण हातावरचे केस उभे राहिले आणि मी हात झटकन मागे घेतला.

चार महिन्यांच्या नोंदी वाया गेल्या. नव्या वहीत पहिली नोंद मी माझ्याच हाताची केली.