शिट्टी प्रायव्हेट लिमिटेड

…नाही, पण तुम्हीच मला सांगा, शिट्टी फुंकायला कंपनी कशाला लागते? फुप्फुसं लागतात! मी फुटबॉलची रेफ्री. दर रविवारी मैदानभर धावते, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाते, घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसते. चाललं होतं की बरं! आणि एका रविवारी एका संघाचा फॉरवर्ड बॉलमागे सुटला तो थेट गोलच्या खांबावर… खाड्! हात मोडला. मी खेळ थांबवला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेवढ्यात त्याचे वडील कुंपण ओलांडून माझ्याच अंगावर! "मैदान ओलं असताना मॅच खेळवलीच कशी? कोर्टात खेचतो तुम्हाला!"

घरी येऊन हे सांगितलं मात्र… आमचे धाकटे दीर, कर सल्लागार, लगेच सरसावून बसले. "वहिनी, पुढे कोणी खरंच दावा ठोकला आणि निकाल विरुद्ध गेला तर हे राहतं घर जाईल! कंपनी काढा. दावा कंपनीवर, घर सुरक्षित. शिवाय करात फायदा… बूट खर्चात, प्रवास खर्चात, शिट्टीसुद्धा खर्चात!"

म्हटलं, "भावजी, शिट्टी मी वाजवते, कंपनी नाही वाजवत!" पण ऐकतोय कोण?

बरं, कंपनी म्हटली की संचालक आले. नवरा म्हणाला, मी होतो. सासूबाई म्हणाल्या, मग मी काय घोडं मारलंय? झालं! जेवणाच्या टेबलावर बैठक. आता हा माझा नवरा, लग्न झाल्यापासून एक मॅच बघायला आला नाही, तो ताटं बाजूला सारून घसा खाकरतो, "पुढच्या रविवारी ढग असतील तर संचालक या नात्याने माझी परवानगी नाही." आणि सासूबाई? "अगं, मागे तू लाल कार्ड दिलंस ना, किती गोड मुलगा होता तो! पिवळ्यात भागलं नसतं?"

अहो, शिट्टी कोण वाजवतं? मी! कंपनी नाही वाजवत!

पण खोटं कशाला बोलू, घराच्या भीतीनं मला झोप येईना. शेवटी गेले एका वकीलबाईंकडे. त्यांनी शांतपणे विचारलं, "मैदानावर निर्णय कोण घेतं?"

"मी."

"मग तुमच्या हातून हयगय झाली असं ठरलं, तर कंपनी असूनही दावा तुमच्यावर येऊ शकतो. पुढच्यासाठी तुम्हाला विमा हवाय, कंपनी नकोय. आणि बुटांचा खर्च तसाही दाखवता येतो."

असं वाटलं, तिथल्या तिथे त्यांची दृष्ट काढावी! विमा उतरवला आणि रविवारी मैदानावर हजर. समोर ते वडील, शेजारी प्लास्टरमधला मुलगा. "बोला, दावा कोणावर लावू? कंपनी काढताय म्हणे!"

म्हटलं, "माझ्यावर लावा! खेळ सुरू करण्याआधी मैदान मी स्वतः चालून बघितलं होतं, खांबापाशी कोरडं होतं. शिट्टी मी वाजवते, जबाबदारीही माझीच!"

तर तो मुलगाच वैतागला. "बाबा, पुरे ना! माझी नजर बॉलवर होती, खांब दिसलाच नाही मला. त्यात यांचा काय दोष?" वडील म्हणाले, "बरं… पण त्या दिवशी तुम्ही याला ऑफसाइड दिलंत ना, तो ऑफसाइड नव्हता हं!" आणि गेले निघून!

मी वाऱ्यावर तरंगत घरी आले आणि दारातूनच ओरडले, "कंपनी रद्द!"

नवरा म्हणतो, "असं एकटीच्या म्हणण्यावर होत नसतं. ठराव लागतो." घेतलं की मतदान! दोन विरुद्ध एक… कंपनी चालू, आणि तिला विरोध केला म्हणून मी बाहेर! आता बोला… जी कंपनी अजून कागदावर निघालीच नाही, तिच्यातून मला काढून टाकलंय!