विमानातली एक जागा

हॅलो? … हॅलो, ताई? हो, येतोय आवाज. बोल पटकन, लाइन कधी जाईल नेम नाही…

बरी आहे गं मी. दवाखान्यातच आहे. … तो गलका बाहेरचा. मोर्चा, आजचा तिसरा. दार लावून बसलोय आम्ही. … अगं ऐक ना, आईला यातलं अक्षर बोलू नकोस.

माझं सोड. ताई, चिमणीचा पत्ता नाही! दोघी बरोबर आलो या परक्या देशात रुग्णसेवा करायला, आणि आता… चार दिवस झाले. औषधं आणायला बंदरावर जाते म्हणाली, ती गेलीच. दोन हॉस्पिटलं पालथी घातली मी. पोलीस चौकीत फोटो देऊन आले. तासभर उभं केलं मला, पासपोर्ट उलटसुलट करत… तिच्या आईला काय तोंड दाखवू गं?

काय? … कुठे आहे?

आपल्या घरी? चिमणी?

…

हो, ऐकतेय. बोल.

शेवटच्या विमानानं. अच्छा.

काय म्हणाली? पुन्हा सांग. … मी नको म्हणाले? मी? ताई, मला कोणी विचारलंच नाही! … संस्थेच्या ऑफिसचे मेसेज तिच्याच फोनवर यायचे ना… हं… एकच जागा आहे, आपसात ठरवा… आणि हिनं ठरवलं. एकटीनं.

माझी मोठी बॅग मागून नेली गं. औषधं मावत नाहीत म्हणे. चेन अडकत होती, ती मीच लावून दिली!

नाही, रडत नाहीये. … विमानतळ त्या विमानानंतर बंदच. … रस्त्यानं? बघू. सीमेवर रांगा लागल्यात म्हणतात.

ताई, तिची पोर तीन वर्षांची आहे. एकदा नुसतं म्हणाली असती ना, तर मीच तिला गाडीत बसवून दिलं असतं. हेच डाचतंय. मला तेवढंही नाही ओळखलं तिनं…

समोरच बसलीय? … दे तिला.

… रडू नकोस. रडू नकोस म्हटलं ना! पोर बरी आहे? … ओळखलं तुला? … बरं झालं.

… नाही. … राग नाही असं कसं म्हणू? चार दिवस मी तुला मेलेल्यांत शोधत होते गं. चादरी वर करून बघत होते.

… माफ? नाही. आज तरी नाही. ताईला दे.

ताई, तिला जेवू घालून पाठव. … हो, मीपण जेवेन. … हो, हो. थांब, बाहेर हाका मारतायत, कोणाला तरी उचलून आणलंय. आता बघायला मी एकटीच आहे ना इथे… ठेवते.